फलाटावरचे अकरा ठिपके

१

सकाळी साडेनऊला मी टेबलावर चौकटीचे कागद पसरायचो, पेन्सिलींना टोक काढायचो आणि आज लोकांना कुठे कुठे मारायचं ते ठरवायला बसायचो. १९९१ साली हे माझं काम होतं. ओसाकातल्या तेम्मा भागात, सायकलचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमची छोटी कंपनी होती. पार्लरमध्ये ठेवतात ती व्हिडिओ गेमची मशीनं आम्ही बनवायचो. धावायचं, उड्या मारायच्या आणि समोरून येईल त्याच्यावर गोळ्या झाडायच्या, असला खेळ. शिपाई उजवीकडे धावतो, पडदा त्याच्याबरोबर उजवीकडे सरकतो. डावीकडचं जे गेलं ते गेलं. पडदा मागे येत नाही.

खेळाचे टप्पे मी आखायचो. पूल कुठे, खड्डा कुठे, भिंतीआडून शत्रू कधी बाहेर येणार. हे मला निशिवाकी-साननी शिकवलं होतं. ते माझे वरिष्ठ होते, आणि मी सांगतोय त्या घटनांच्या वर्षभर आधी नोकरी सोडून गेले होते. अवघड खेळ कुणीही करील, ते म्हणायचे. दहा शत्रू टाकले की झाला अवघड. पण मेलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की चूक माझी होती. संकट आधी दुरून दिसू दे, मग त्याला घाबरू दे, मग सामोरं जाऊ दे. एवढं झाल्यावर मेला, तर तो हसतो आणि पुन्हा खेळतो. न दाखवता मारलंस तर तो उठून जातो.

त्यांचा आणखी एक नियम होता. खेळणाऱ्याला कुठेही सात सेकंदांच्या वर उभं राहू द्यायचं नाही. उभा राहिला की वरून काहीतरी पडलं पाहिजे, मागून गोळी आली पाहिजे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी समजत होतो की पार्लरवाल्याला रांग हलती हवी असते, म्हणून.

तो नियम मी मोडला. आधीच्या खेळाच्या चाचणीत एक कारकून जेवणाच्या सुट्टीत यायचा. चौथ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरायला लागले की काडी पेटेना, आणि पाचव्या दिवशी तो आला नाही. ते माझ्या मनात राहिलं होतं. शिवाय ओसुगी मागे लागली होती. ओसुगी आमच्याकडे खेळ तपासायची, म्हणजे दिवसभर खेळायची. चोवीस वर्षांची, तोंडात सतत सुकवलेल्या माकूळ मासळीची पट्टी. कंपनीत तिच्याइतकं चांगलं कुणी खेळत नव्हतं. ती म्हणाली, "कुरामोची-सान, तुमच्या खेळात मरायला शंभर जागा आहेत. श्वास घ्यायला एक तरी ठेवा की."

म्हणून चौथ्या टप्प्यात, जळत्या पुलानंतर, मी एक रेल्वेचा फलाट ठेवला. सपाट. एक बाकडं, एक दिवा. शत्रू नाहीत, खड्डा नाही. संगीत थांबतं आणि नुसता वारा ऐकू येतो. तिथे मी घड्याळसुद्धा थांबवलं. कुणी तासभर उभा राहिला तरी त्याला काही होऊ नये, अशी जागा.

२

नोव्हेंबरात क्योबाशीच्या एका पार्लरमध्ये आठवडाभर मशीन चाचणीसाठी ठेवलं. कोण कुठे मेलं आणि कशाने मेलं, हे मशीनच नोंदवायचं. कारणं चारच. गोळी, पडणं, शत्रूचा स्पर्श, वेळ संपणं. मी रोज सकाळी ती नोंद घेऊन यायचो आणि टप्प्याच्या लांबलचक कागदावर एकेका मरणाला एकेक लाल ठिपका द्यायचो.

मला हे काम आवडायचं. ठिपक्यांवरून खेळ वाचता येतो. खड्ड्याच्या काठावर दाट गर्दी असते, पुढे विरळ होत जाते. एखाद्या ठिकाणी फारच दाटी झाली तर तिथली एक पायरी रुंद करायची, एक शत्रू अर्ध्या सेकंदाने उशिरा आणायचा. माणसाला किती सोसेल याचा तो हिशोब असतो, आणि तो डोक्याने नाही, बोटांनी करावा लागतो.

तिसऱ्या दिवशी चौथ्या टप्प्याचे ठिपके देताना माझा हात फलाटावर आला. मी पुन्हा आकडे पाहिले. अकरा जण फलाटावर मेले होते. कारण अकराही वेळा एकच. शत्रूचा स्पर्श.

तिथे शत्रू नव्हता. मीच ठेवला नव्हता.

३

प्रोग्राम लिहिणारा त्सुकुदा माझ्याच वयाचा, जाड चष्म्याचा आणि फार सरळ माणूस. त्याच्या कामात चूक आहे असं म्हटलं की तो चिडायचा नाही, शोधायला बसायचा. तो म्हणाला, आधीच्या पुलावरचा एखादा शत्रू पडद्याबाहेर जाऊनही मेमरीत जिवंत राहत असेल, तोच फलाटावर येऊन आदळत असेल. हे मला पटलं. मी निवांत झालो. दोन दिवस त्याने शोधलं आणि मग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पूल संपला की सगळे शत्रू पुसले जातात, म्हणाला. त्याने तिथे सापळा लावून पाहिला होता. फलाटावर शिपायाशिवाय हलणारी एकही वस्तू नसते.

"मग स्पर्श कुणाचा होतो?"

"तेच मशीनला विचारलं मी," तो म्हणाला. "ते म्हणतं, स्पर्श झाला. कुणाचा, ते रकान्यात रिकामं आहे."

मग मी दुपारी पार्लरमध्ये जाऊन खेळणाऱ्यांच्या मागे उभा राहिलो. चौथ्या टप्प्यापर्यंत पोचणारे थोडेच. फलाट आला की बहुतेकांचे खांदे खाली यायचे. कुणी हात पँटला पुसायचं, कुणी सिगारेटचा झुरका घ्यायचं, आणि पाच-सहा सेकंदांत पुढे निघायचं. जे निघाले त्यांना काही झालं नाही. उमेझु नावाचे एक पन्नाशीचे टॅक्सीवाले तिथे बराच वेळ थांबले. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि झाकण हातात धरून पाणी प्यायले. पडद्यावरचा शिपाई उजवीकडे तोंड करून उभा होता. तो वळला आणि डावीकडे बघू लागला. थोड्या वेळाने तो पडला.

शिपायाला हलवायचा दांडा डावीकडे का ओढलात, असं मी त्यांना विचारलं. त्यांच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात झाकण.

"मी हात लावला नाही हो," ते म्हणाले. "तो पाय वाजवायचा थांबत नव्हता, म्हणून मी वाकून बघत होतो."

शिपाई चालला की पावलं वाजतात. ठक, ठक. तो उभा राहिला की आवाज बंद होतो. पार्लरच्या कोलाहलात ते कुणाच्या कानावर येत नाही. उमेझु वाकले होते म्हणून त्यांनी ऐकलं.

४

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी आणि ओसुगी थांबलो. खिडक्यांतून चांगलं ऊन येत होतं. खाली दुकानात कुणीतरी सायकलच्या घंट्या तपासत होतं. आवाज नीट ऐकू यावा म्हणून खिडक्या लावून घेतल्या. ओसुगी मशीनपुढे बसली, मी तिच्या उजव्या बाजूला वही आणि घड्याळ घेऊन बसलो. फलाटापर्यंतचा पाऊण तासाचा खेळ तिने बारा मिनिटांत उरकला, दांडा सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

वारा. एवढाच आवाज.

नवव्या सेकंदाला पावलं सुरू झाली. फार हलकी होती. आपलीच पावलं आपण भिंतीपलीकडून ऐकावीत तशी. मी ओसुगीकडे पाहिलं, तिने मान हलवली. तिलाही ऐकू येत होतं. मी स्वतःला सांगितलं की आवाजाच्या चिपमध्ये आधीचा आवाज अडकून राहतो, हे पूर्वीही झालंय. पण अडकलेला आवाज एका जागी असतो. हा जवळ येत होता. आणि त्याला घाई नव्हती. शिपाई धावतो, त्याची पावलं दुप्पट वेगाने पडतात. ही चालणाऱ्याची होती. खेळ सुरू झाल्यापासून जो एकाच चालीने मागे येत असेल त्याची.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी वहीत लिहिलं नाही. टप्पे आखताना मी समजत होतो की शत्रू, गोळ्या, कोसळणारे पूल, हे सगळं खेळणाऱ्याला अडवण्यासाठी असतं. निशिवाकी-साननी ते त्याला हलतं ठेवण्यासाठी टाकलं असेल तर?

"बंद करू का?" मी विचारलं.

"थांबा," ओसुगी म्हणाली. "बघू तरी."

एकेचाळिसाव्या सेकंदाला शिपाई वळला. मी वेळ लिहायला वहीत पाहिलं. डोकं वर केलं तेव्हा पडद्याच्या डाव्या कडेला, अगदी कडेला, एका ठिपक्याएवढी रुंद उभी रेघ दिसली. कातडीच्या रंगाची. शिपायापेक्षा उंच. ती दिसली आणि शिपाई पडला.

मी वर बघायला उशीर केला होता. ओसुगीने नजर हलवली नव्हती. ती उठली, मोरीवर जाऊन तिने बराच वेळ हात धुतले, आणि जेवायला जाते म्हणून जिना उतरली. काय दिसलं ते मी विचारलं होतं. ती म्हणाली, नीट दिसलं नाही. ती खोटं बोलत होती हे मला कळलं.

सोमवारपासून ती उभी राहून खेळू लागली. आठवड्याने तेही बंद केलं. बोलताना टेबलांमधून फेऱ्या मारायची, जेवणाचा डबा हातात घेऊन चालता चालता खायची. त्सुकुदा म्हणाला, ओसुगी-सान, तुमच्या मागे पोलीस लागलेत का? ती हसली, पण थांबली नाही. महिनाअखेरीला तिने नोकरी सोडली.

५

निशिवाकी-साननी साकाईला ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जाड धिरड्यांचं, दुकान टाकलं होतं. सहा माणसं बसतील एवढं. मी चार वाजता गेलो, तेव्हा ते एकटेच कोबी चिरत होते.

"एवढ्या दिवसांनी आठवण झाली, आणि तीही नेमकी कांदा-कोबीच्या वेळी," ते म्हणाले. "बाह्या वर कर. आलं किसायचंय."

मी आलं किसत किसत सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण एकदाही एका जागी उभे राहिले नाहीत. तव्यापासून फळीपर्यंत, फळीपासून नळापर्यंत. दुकानात त्यांच्यासाठी स्टूल नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कंपनीतही त्यांना बसलेलं मी क्वचित पाहिलं होतं. पाठीचं दुखणं आहे असं आम्ही सगळे समजायचो.

माझं सांगून झाल्यावर त्यांनी तवा पुसला.

"मी नियम सांगितला होता ना तुला?"

"कारण सांगितलं नव्हतंत."

"कारण मला माहीत असतं तर सांगितलं असतं." त्यांनी चिरलेला कोबी मोठ्या वाडग्यात लोटला. "तिसऱ्या खेळाच्या वेळी मीही असाच एक विसावा ठेवला होता. आवाज ऐकला आणि पुढे पळालो. थांबून कधी पाहिलं नाही."

ओसुगीचं काय करू, असं मी विचारलं. तिने पाहिलंय.

ते पहिल्यांदाच क्षणभर थांबले. मग पुन्हा नळाकडे गेले. "मग तिला उभं राहू देऊ नकोस," पाठमोरे असतानाच म्हणाले.

६

मी फलाट काढून टाकला. त्या जागी कोसळणारं छप्पर ठेवलं. पुढचेही टप्पे तपासले, आणि जिथे जिथे माणूस चार-पाच सेकंद टेकू शकेल तिथे काहीतरी मागे लावून दिलं. वसंतात खेळ बाजारात आला आणि तीन महिन्यांत बहुतेक पार्लरांमधून उठला. फार अवघड आहे, म्हणाले. एका मासिकाने लिहिलं, या खेळाच्या कर्त्याला खेळणाऱ्यांबद्दल दयामाया नाही. आमच्या साहेबांनी ते पान माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी ते घडी करून कागदांखाली सरकवलं. मी काय सांगणार होतो? त्या छपराइतक्या मायेने मी कधीच काही आखलं नव्हतं.

ओसुगी अधूनमधून फोन करायची. ती टपाल वाटायचं काम करत होती. दिवसभर पायी. बरं चाललंय म्हणायची. झोपेचं काय करतेस, असं मी एकदा विचारलं. रेल्वेच्या वर्तुळमार्गावर झोपते, म्हणाली. गाडी फिरत राहते.

ऑक्टोबरात तिच्या आईचा फोन आला. ओसुगीचा जिन्यावरून पाय घसरला, घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं होतं. तीन आठवडे पलंगावरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई म्हणाली, पायाच्या दुखण्याने रडत नाही ती. मला पलंगाला बांधलंय का, असं सारखं विचारते.

७

मी रोज तीन ते पाच जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ओसुगीचा चेहरा उतरलेला होता. डोळे आत गेले होते. मी फळांची पिशवी ठेवली. ती म्हणाली, डाव्या बाजूला बसा. पलंगाच्या डाव्या बाजूला पिवळट पडदा होता, त्यापलीकडे व्हरांडा. मी पडद्याला पाठ लावून बसलो. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. नर्सांच्या चपला जात-येत होत्या, जेवणाची गाडी गेली. मग त्या सगळ्या आवाजांखालून मला ते ऐकू आलं. एकाच चालीने येणारं.

"तुम्हालाही येतंय ना ऐकू?" ओसुगी म्हणाली. "मला वाटलं होतं ते धावत येईल. धावत आलं असतं तर बरं झालं असतं."

मी उठलो आणि नर्सकडे चाकांची खुर्ची मागितली. डॉक्टर नको म्हणत होते. मी खोटंनाटं काहीतरी सांगून परवानगी काढली. त्या दिवसापासून भेटीचे दोन तास मी ओसुगीला फिरवायचो. गच्चीला गोल फेरी मारता यायची. पाचव्या मिनिटाला तिची मान कलायची आणि ती झोपायची. झोपेत ती चोवीसच वर्षांची दिसायची. मी थांबायचो नाही. उरलेले बावीस तास ती कशी काढत होती, ते मी विचारलं नाही. आई रात्रभर पलंग हलवत बसते, एवढं नर्स म्हणाली होती, आणि हसली होती.

नवव्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप होतं. पाण्याच्या टाकीचं काम निघालं होतं. ओसुगी खुर्चीत झोपलेली होती. मी व्हरांड्याने पुढे निघालो. वॉर्ड संपले, क्ष-किरणाची खोली गेली, आणि व्हरांडा एका खिडकीशी संपला. खिडकीखाली सायकली लावलेल्या होत्या, एक बाई रजई वाळत घालत होती. मी खुर्ची थांबवली. पुढे जागा नव्हती. मला वळावंच लागणार होतं.

मी वळलो. व्हरांड्यात नेहमीची माणसं होती. काठीवर टेकलेले एक म्हातारे, चादरींची गाडी, दोन नर्स. आणि त्या सगळ्यांच्या मागे कुणीतरी येत होतं. दुरून ते माणसासारखंच दिसलं. मग मला त्याची चाल दिसली. जागा वाचवायला आम्ही शिपायाच्या चालण्याची दोनच चित्रं काढतो. डावा पाय पुढे, उजवा पाय पुढे. मधलं काही नसतं. पडद्यावर डोळा ते भरून काढतो. त्या व्हरांड्यात, दुपारच्या उजेडात, एक जण तसा चालत होता. डावा पाय पुढे. उजवा पाय पुढे. मधलं काही नव्हतं. म्हातारे सरकून त्याला वाट करून देत होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते.

मी खुर्चीची खीळ लावली. ओसुगी जागी झाली नाही. मला धैर्य आलं असं म्हणता येणार नाही. एवढंच सुचलं की खेळात मागे जाता येत नाही आणि इथे येतं. मी त्याच्याकडे चालू लागलो. पावलं मोजत होतो. सतरा मोजली. अठरावं आठवत नाही.

त्यानंतर आठवतं ते, ओसुगीचा हात माझ्या खांद्यावर होता. मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो होतो आणि बाहेर उजेड पिवळा झाला होता. व्हरांडा रिकामा होता. ती म्हणाली, किती वेळ थांबलो आहोत आपण इथे? मी घड्याळ पाहिलं. सव्वा तास. आम्ही दोघं ऐकत राहिलो. काही ऐकू आलं नाही. तिला रडू फुटलं, मग भूक लागली. त्या रात्री ती अकरा तास झोपली, असं तिच्या आईने कळवलं.

८

ओसुगी बरी झाली. ओसाकातल्याच फुकुशिमा भागात तिने भावाबरोबर वह्या-पेनांचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे बसून चहा पिते, असं तिने पत्रात लिहिलं होतं. या एकदा, असंही लिहिलं होतं.

मला काही झालेलं नाही. मी खातो, झोपतो, हव्या त्या ठिकाणी हवा तितका वेळ उभा राहतो. मागून कधी काही येत नाही. नोकरी चालू आहे. फक्त रस्त्याने जाताना एक गोष्ट होते, आणि ती माझ्या लक्षात यायला काही महिने गेले. माझ्या पुढे चालणारी माणसं थोड्या वेळाने खांद्यावरून मागे बघतात आणि पाय उचलतात. एकट्या बाया, साहेबलोक, कामगार, सगळेच. मी घाईत नसतो. मी त्यांच्या मागेही नसतो, नुसता त्याच वाटेने जात असतो.

मार्चमध्ये मी ओसुगीकडे जायला निघालो. बरोबर तिच्या आवडीचं सुकं माकुळ घेतलं होतं. स्टेशनपासून दुकानापर्यंत एक सरळ गल्ली आहे. अर्ध्या वाटेत ती मला पुढे दिसली. बाजार करून परत निघाली होती, हातात जड पिशवी, एक पाय अजून किंचित ओढत होती. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात माझी पावलं वाजली तशी तिची पाठ ताठ झाली. तिने मागे पाहिलं नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती त्या दुखऱ्या पायाने भराभर चालू लागली.

मी तिथेच, एका न्हाव्याच्या दुकानासमोर थांबलो. हललो नाही. ती गल्लीच्या टोकाला पोचली, वीस-पंचवीस आकडे मोजून होतील इतका वेळ कान देऊन उभी राहिली, आणि मग तिने पिशवी खाली ठेवली.